साळवेबाईंवर रचलेला किस्सा

साळवेबाईंचा एक किस्सा मी बरीच वर्षं सांगत आलो. त्यांच्या निरोप समारंभात सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, शिरूरला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनाही सांगितला. प्रत्येक वेळी लोक हसले. किस्सा खोटा होता. खरी हकीकत मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, कारण तिच्यात चुकलेला माणूस मी होतो. म्हणूनच ती सांगायचं मी टाळत राहिलो.

मागच्या वर्षी बाई गेल्या. केडगावला त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तिथे गेलो. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून आठवणी सांगू लागला. आमच्या जुन्या कंपनीतला एक तरुण मॅनेजर उठला. बाईंबद्दल चांगलं बोलला आणि शेवटी, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून, त्याने माझा किस्सा सांगितला. मी जिथे थांबायचो तिथेच तोही थांबला. लोक हळूच हसले. बाईंची मुलगी प्रज्ञा डोळे पुसता पुसता हसली. सतरंजीवर माझ्या शेजारी आमचा जुना ऑपरेटर टकले बसला होता. खरं काय घडलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. तो समोर बघत राहिला, माझ्याकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. नंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, दोन सभ्य वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

म्हणून आता लिहितो आहे. संगणकाच्या कामात ज्या बाईचा शब्द शेवटचा असायचा, तिचं नाव मी हसण्यावारी नेलं. ते जिथल्या तिथे ठेवता आलं तर पाहायचं आहे.

रांजणगावच्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी क्वालिटीचा प्रमुख होतो. विमल साळवे माझ्या हाताखाली मोजमाप खोली सांभाळायच्या. कंपनीतले संगणकही त्याच बघायच्या, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं आणि बाईंना दुसऱ्या कोणी केलेलं पसंत पडत नव्हतं. माणूस गेला की तो नम्र होता असं लिहायची पद्धत आहे. साळवेबाई नम्र अजिबात नव्हत्या. ‘मी सांगितलं होतं’ हे त्यांचं आवडतं वाक्य. मीटिंगमध्ये ते आलं की आमचे शेठ कपाळाला हात लावायचे.

त्या केडगावहून कंपनीच्या बसने यायच्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. ती सीट त्यांचीच. नवा कोणी चुकून बसला तर त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या. न्हावरे येईपर्यंत तो स्वतःच उठायचा. पर्समध्ये खोलीच्या एसीचा रिमोट असायचा. ‘बाहेर ठेवला की कोणीतरी गार करतं आणि माझे मायक्रॉन हलतात,’ असं त्यांचं म्हणणं. चपला बाहेर काढायच्या, घाम पुसून आत यायचं, पार्टला उघड्या हाताने धरायचं नाही. डबे दोन आणायच्या. एक स्वतःचा आणि दुसरा शिफ्टला उपाशी येणाऱ्यासाठी. बिहारकडच्या पोरांना त्या आपल्या हिंदीत दम भरायच्या, ‘भूक लगी तो बोलने का! तोंड पाडके मशीन नहीं चलाने का!’ पोरांना ही हिंदी समजायची नाही पण डबा समजायचा.

माझ्याशी आणि शेठांशी शुद्ध बोलायच्या, टकलेशी त्याच्या भाषेत. टकले वडगाव रासाईचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस होता.

‘टकल्या, आज रीडिंग दोनदा घेतलंस का?’

‘व्हय की बाई.’

‘खोटं बोलू नगंस.’

‘येकदा घेतलं. पर लई बारकाईनं घेतलं.’

‘मग आता तितक्याच बारकाईनं दुसऱ्यांदा घे.’

त्यांच्या संगणकावर एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘शिवू नये.’ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अवघडलो. बाईंनी ते बरोबर टिपलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘घाबरू नका साहेब. आमच्या लोकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. आता थोडं तुम्ही ऐका.’ टकले खो खो हसला. मलाही हसावं लागलं.

त्या संगणकाची गोष्ट थोडी सांगायला हवी. गिअरचे दाते तपासायचं आमचं मशीन परदेशातून जुनं घेतलेलं होतं. चांगलं होतं, पण त्याचं सॉफ्टवेअर एका फार जुन्या विंडोजवरच चालायचं. मशीनसोबत आलेला संगणक मेला तेव्हा मशीन बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले. आता नवीन मशीनच घ्या म्हणाले. बाईंनी दुसरा मार्ग काढला. नवा संगणक घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि लिनक्सच्या आत एक बनावट संगणक उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्या आतल्या संगणकात जुनं विंडोज आणि जुनं सॉफ्टवेअर. आतल्याला वाटायचं की आपण आपल्या जुन्याच खोक्यात आहोत. बाहेरचा नवा संगणक त्याला सगळं पुरवायचा.

‘हे सगळं एका बारक्या तुकड्यावर टिकलंय,’ त्या मला सांगायच्या. ‘लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. आतल्या मशीनला खालच्या हार्डवेअरपर्यंत पोचवणारा तुकडा त्या कर्नेलमध्ये बसवावा लागतो. शाफ्टवर त्याच्याच मापाचा बुश बसवल्यासारखं. शाफ्ट बदलला की जुना बुश बसणार नाही. नवा बनवावा लागतो, आणि तोही जमेलच असं नाही.’ म्हणून त्या अपडेट लगेच करायच्या नाहीत. आधी दुसऱ्या संगणकावर करून बघायच्या, मग इथे. आणि नवं कर्नेल घातलं तरी जुनं ठेवायच्या. संगणक सुरू होताना जुनं निवडता येतं, तेवढी परतीची वाट हवी, असं त्यांचं म्हणणं.

प्रज्ञाचा साखरपुडा ठरला तेव्हा त्यांनी रजा टाकली. मुलगा नागपूरचा, व्याही मंडळी केडगावला येणार होती. रजेवर जाताना त्यांनी मला पासवर्ड सांगितला. ‘तुम्हालाच सांगतेय. अडलं तरच.’

त्याच दिवसांत कंपनीत फाइव्ह एसची मोहीम चालू होती. ज्यांनी कारखान्यात काम केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नको ते बाजूला काढा, उरलेलं नीट लावा, स्वच्छ ठेवा, असा तो जपानी नियम. नको असलेल्या वस्तूवर लाल टॅग लावायचा आणि ती बाहेर काढायची. या मोहिमेचा म्होरक्या मी होतो आणि मला तिचं वेड लागलं होतं. ऑडिटच्या दिवशी मी मोजमाप खोलीत गेलो. पहिल्यांदा तो पुठ्ठा काढला, भिंतीवर आणि मशीनवर विनापरवाना काही नको म्हणून. मग संगणकाच्या पडद्यावर सूचना दिसली की अपडेट्स बाकी आहेत. बाकी म्हणजे अस्वच्छच की! खोलीत नेट नव्हतं, मी माझ्या फोनचं दिलं. सगळं अपडेट केलं, संगणक पुन्हा सुरू केला. आणि तरीही समाधान होईना म्हणून साफसफाईचं एक साधन उघडलं. त्याने यादी दाखवली, त्यात ‘जुनी कर्नेल्स’ असं होतं. जुनं आणि न वापरातलं. मी खूण केली आणि काढून टाकलं. शाफ्ट आणि बुशाचं सगळं मला कितीदा सांगितलेलं होतं. त्या वेळी त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. मशीन चालवून बघायचंही सुचलं नाही. ऑडिटमध्ये आम्हाला शाबासकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. एक मोठा लॉट जायचा होता आणि तपासणीचा रिपोर्ट सोबत असल्याशिवाय गिऱ्हाईक माल उतरवून घेत नसे. टकलेचा फोन आला.

‘साहेब, आतला कॉम्प्युटर उठंना. कर्नेल ड्रायव्हर न्हाई म्हणतोय.’

मी गेलो. ट्रक गेटवर उभा होता. शेठ फोनवर गिऱ्हाइकाला शब्द देत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. त्यांचं माझ्याबद्दलचं मत तेव्हा फारसं बरं नव्हतं. माझी निवृत्ती जवळ आली होती, मुदतवाढीचा निर्णय त्यांच्या हातात होता आणि मुलाचं शिक्षण अजून व्हायचं होतं. मी गाडी काढली आणि न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून, उसाच्या ट्रॉल्यांमागे हॉर्न वाजवत केडगावला पोचलो.

दारात मांडव होता. बाई जरीच्या साडीत पाहुण्यांना वाढत होत्या. मला पाहिलं आणि हातातलं पातेलं नणंदेकडे दिलं.

‘कोणी हात लावला?’

‘चला तर खरं,’ मी म्हणालो.

त्यांचे यजमान दौंडला रेल्वेत होते, शांत माणूस. ते म्हणाले, ‘साहेब, दोन घास खाऊन घ्या, मग न्या.’ माझ्या हातात ताट दिलं गेलं. मी उभ्यानेच खाल्लं. पाहुण्यांबरोबरचा फोटो राहिला होता. प्रज्ञा म्हणाली, ‘आई, फोटो?’ बाई म्हणाल्या, ‘काढा तुम्ही. माझं तोंड सगळ्यांना माहितीय.’

वाटेत मी पुन्हा ट्रॉल्यांमागे हॉर्न वाजवत राहिलो. बाई पर्समधून रिमोट काढून मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

खोलीत आल्या, साडीचा पदर खोचला, संगणक पुन्हा सुरू केला आणि जुनं कर्नेल निवडायला गेल्या. यादीत एकच नाव होतं.

‘जुनं कुठंय?’

टकले माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, ‘मी काढलं. काल. ऑडिट होतं ना.’

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांना हसू फुटलं. इतकं की चष्मा काढावा लागला. ‘लाल टॅग लावला का त्याला? अहो, परतीची वाट काढून टाकलीत, साहेब, अडगळ म्हणून!’

मग हसू थांबलं आणि काम सुरू झालं. पहिली गोष्ट त्यांनी कोणती केली असेल, तर आतल्या संपूर्ण मशीनची बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्यायला लावली. त्याला वेळ लागत होता. शेठ दारात येऊन म्हणाले, ‘अहो मॅडम, आधी चालू करा, कॉपी नंतर.’

‘साहेब, बिघडलेल्याला हात लावायच्या आधी कॉपी. घाई असेल तर दुसरं कोणी बघा.’

दुसरं कोणी नव्हतं. शेठ गेले.

कॉपी झाल्यावर त्यांनी नव्या कर्नेलसाठी तो तुकडा बनवायला घेतला. त्याला लागणारी साधनं माझ्या फोनच्या नेटवरून उतरवली. बनवता बनवता पडद्यावर चुकांच्या ओळी भराभर वर सरकल्या. आमचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर जुनं होतं, हे नवं कर्नेल त्याला ओळखू येत नव्हतं. मी म्हणालो, ‘मग ते सॉफ्टवेअरही नवं टाका ना.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘अजून एक बदल? आज? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणती चुकली ते कळत नाही. तुम्ही क्वालिटीचे ना?’

मग त्यांनी मी काढून टाकलेलं तेच जुनं कर्नेल शोधून पुन्हा आणलं. नेट रडतखडत चाललं होतं. टकले फोन हातात धरून खिडकीत उभा होता, रेंजसाठी. बाई त्याला म्हणाल्या, ‘हलू नगंस रं, नागपूरचे पाहुणे वाट बघत्यात.’ कर्नेल उतरलं, बसलं, संगणक जुन्या कर्नेलवर सुरू झाला, तुकडा जागच्या जागी बसला. जुनं विंडोज हळूहळू वर आलं. मशीनचा काटा हलला तेव्हा टकलेने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र आधी एक तपासलेला गिअर पुन्हा लावून जुन्या रिपोर्टशी ताडून पाहिला. जुळल्यावर म्हणाल्या, ‘आता तुमचा लॉट आणा.’ आणि ते कर्नेल आपोआप बदलणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली.

शेठ आले. ‘झालं काय होतं? कोणी हात लावला?’

मी टेबलावरच्या कागदांची चळत सरळ करू लागलो. बाई रिपोर्टवर सही करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘कॉम्प्युटर आहे साहेब, बंद पडतो. चालू केला.’

ट्रक गेला. मी त्यांना घरी सोडायला निघालो. पूल ओलांडताना मी म्हणालो, ‘तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत.’

‘सांगून काय झालं असतं? तुम्ही घरी बसला असता आणि नवा साहेब आला असता. त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायचं कोणी?’ मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘माझा पुठ्ठा तेवढा परत लावा.’

माझी मुदतवाढ झाली. मुलाचं शिक्षण त्यात पार पडलं. आज माझं घर ज्या पायावर उभं आहे त्यातला एक दगड त्या बाईने, स्वतःच्या मुलीच्या फोटोतून उठून येऊन, बसवलेला आहे. हे मला तेव्हाही कळत होतं. आणि कळत असताना मी पुढचं केलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मीही कंपनी सोडली होती, पण निरोप समारंभाला मला मुद्दाम बोलावलं. शाल झाली, श्रीफळ झालं. भाषणं लांबत चालली होती, लोक चहाकडे बघत होते. माझ्या हातात माइक आला. लोकांना हसवावं असं वाटलं, आणि तोंडातून किस्सा निघाला. ‘आपल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, शिवू नये. आणि एके दिवशी स्वतःच त्याला अपडेट केलं! मशीन बंद, ट्रक गेटवर, मॅडम साखरपुड्याच्या साडीत घामाघूम. शेवटी मी गेलो, मागचं एक बटन दाबलं, आणि चालू!’ हॉल दणाणला. एकदा हशा आल्यावर मी त्यात आणखी भर घातली. बाईंचे यजमान आणि प्रज्ञा पहिल्या रांगेत होते.

बाई उत्तराला उठल्या. सगळ्यांचे आभार मानले, बसच्या ड्रायव्हरचेसुद्धा. मग म्हणाल्या, ‘पवारसाहेबांनी सांगितलेला किस्सा छान होता. मलाही नव्यानेच कळला.’ लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं हाही विनोदच.

चहाच्या वेळी टकले जवळ आला. ‘साहेब, ते तसं न्हवतं ना? तुमी तर...’

‘अरे, गंमत असते टकले. कार्यक्रमात चालतं.’

‘व्हय,’ तो म्हणाला आणि कप ठेवून गेला.

गमतीवर भागलं असतं तर कदाचित मी आज लिहीत नसतो. निवृत्तीनंतर बाईंना घरी बसायचं नव्हतं. जुनी मशीन्स अशाच आतल्या संगणकांवर चालवणाऱ्या दोन-तीन कंपन्या रांजणगावात होत्या, त्यांच्याकडे महिन्यातून काही दिवस जाऊन देखभाल करावी असं त्यांच्या मनात होतं. एकीने जवळजवळ ठरवलं होतं. तिथल्या माणसाने चौकशीसाठी मला फोन केला. ‘साळवे मॅडम म्हणजे त्याच ना, त्या अपडेटवाल्या?’ आणि तो हसला. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, ‘हो, त्याच. पण बाई स्वभावाने फार चांगल्या आहेत.’

स्वभावाने चांगल्या! काम पुण्याच्या एका एजन्सीला गेलं.

बाईंनी मला फक्त एवढंच सांगितलं, ‘तिकडून काही आलं नाही हो.’ त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. केडगावात स्टेशनजवळ एका खोलीत त्यांनी जुने संगणक जमवून मुलींचा वर्ग सुरू केला. माझ्या घरच्या संगणकाला काही झालं की मी त्यांनाच फोन करायचो, आणि त्या फोनवर बसून, माझी प्रत्येक चूक मोजत, तो दुरुस्त करून द्यायच्या. ‘मी सांगितलं होतं’ हे अधूनमधून असायचंच. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी पडद्यावरची अक्षरं मोठी कशी करायची ते सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘आता तरी वाचून मग बटन दाबा.’ ते त्या हसतच म्हणाल्या. मला मात्र किश्शातलं माझं ते एक बटन आठवलं.

यजमान वारले, गुडघे गेले, तेव्हा प्रज्ञा त्यांना नागपूरला घेऊन जायला आली. बाईंनी फोन केला, ‘उद्या दौंडहून गाडी आहे.’ मी ठरवलं की आता बोलायचंच. शिरूरहून दौंडला जाताना बसमध्ये वाक्य जुळवत होतो. दौंड जंक्शनला उतरलो, फलाटावर जाऊन बसलो. वेळ झाली तरी गाडीचा पत्ता नाही. हमालाला विचारलं तर म्हणाला, ‘आबा, ती गाडी इथं येत न्हाई आता. कॉर्ड लाईनच्या बारक्या टेशनावर थांबती. इंजिन फिरवायला नको म्हणून तिकडूनच जाती.’

रिक्षा केली. त्या छोट्या स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी लागलेली होती. डबे बघत निघालो. खिडकीतून त्यांनीच हाक मारली.

‘पवारसाहेब! जंक्शनला गेला होता ना?’

मी धापा टाकत मान हलवली.

‘आमचे हे रेल्वेत होते तरी ह्यांचंही असंच व्हायचं.’ त्या हसल्या. चेहरा लहान झाला होता, केस पूर्ण पांढरे. प्रज्ञा वरच्या बर्थवर बॅग ढकलत होती. बाई खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, ‘जेवलात का?’

‘हो,’ मी म्हणालो. जेवलो नव्हतो.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘मला एक...’

मागून कोणीतरी बॅगा घेऊन घुसलं, मी बाजूला झालो, तेवढ्यात गाडी हलली. मी दोन-चार पावलं चाललो. त्या कानाशी हात नेऊन ‘काय?’ असं विचारत होत्या. मी ओरडलो, ‘तब्येतीला जपा!’ त्यांनी हात हलवला.

मला म्हणायचं होतं ते फार लांब नव्हतं. बाई, ती चूक माझी होती आणि दुरुस्ती तुमची होती. तुम्ही माझं नाव झाकलंत आणि मी तुमचं नाव हसण्यात घालवलं. मला माफ करा.